पाचव्या नंबरची डिस्क

मित्रांनो, नमस्कार. आमच्या नागपूरच्या कचेरीच्या मागच्या खोलीत, पाय मोडलेल्या खुर्च्यांच्या शेजारी, गोल झाकणाची एक जड वस्तू ठेवलेली आहे. ती मी. परवा तुमच्यातलीच एक मुलगी कुणाबरोबर तरी इथं आली होती. लाडवांचा डबा समजून तिनं मला उचलायला पाहिलं आणि "अगं बाई, केवढा जड!" म्हणून तसंच सोडून दिलं. मला राग नाही आला. खूप दिवसांनी कुणाचा हात लागला, तेच पुष्कळ झालं.

डबा नव्हे बरं का, मी एक जुनी डिस्क आहे. कॉम्प्युटरला जे लक्षात ठेवायचं असतं, ते तो माझ्यावर लिहून ठेवायचा.

माझा जन्म दूर देशातल्या एका कारखान्यात झाला. अ‍ॅल्युमिनियमच्या दहा तबकड्या एकावर एक, मध्ये बोटभर जागा सोडून, एका दांड्यावर बसवल्या आणि त्यांना तपकिरी लेप दिला. तिथली माणसं डोक्याला फडकं बांधून, हात धुऊनच आम्हांला शिवत. आपल्याकडं देवाच्या स्वयंपाकाला सोवळं पाळतात ना, अगदी तसं. कारण आम्हांला धुळीचं फार भय. लिहिणारी सुई आमच्यावर कधी टेकत नाही, केसाहूनही बारीक अंतरावरून तरंगत जाते. मध्ये धुळीचा एक कण आला तरी ओरखडा पडलाच म्हणून समजा.

एकोणऐंशी साली मी नागपूरला आले. मशीनच्या खोलीत चपला काढूनच यायचा नियम होता आणि खोली सदा गार ठेवलेली असे. मे महिन्यात, बाहेर रस्त्याचं डांबर पातळ होई तेव्हा, साऱ्या कचेरीला आमची फार आठवण यायची. कुणी फाइल शोधायला येई, कुणी नुसतंच "काय, ठीक आहे ना?" विचारायला. आत कपाटाएवढी चार यंत्रं होती. त्यांतल्या एकावर मला बसवलं की मी मिनिटाला तीन हजार सहाशे प्रदक्षिणा घालायची. कधी चुकले नाही, कधी थकले नाही. नेम म्हणजे नेम.

आम्ही पाच बहिणी होतो. प्रत्येकीच्या झाकणावर कागदाची पट्टी आणि पट्टीवर शाईनं नंबर. माझा नंबर पाच. माझ्या झाकणाची मूठ एकदा तडकली होती, तिला लाल चिकटपट्टी गुंडाळलेली होती.

माझ्यावर जे काम होतं ते सुमतीताई रामटेके यांचं. त्या नागपूरजवळच्या कुहीकडच्या. काचेच्या भिंतीपलीकडं बसून त्या सातशे बारा गावांच्या विहिरींची माहिती टाइप करत. कुठल्या गावात कुठली विहीर, पाणी किती खोल, तपासणीत काय निघालं, पिण्याजोगं आहे की नाही. पावसाळ्यात घाण पाणी पिऊन गावंच्या गावं आजारी पडायची. म्हणून वाईट विहिरींची यादी करून त्या बंद करायच्या आणि तिथं लगेच चांगल्या पाण्याची सोय करायची, असं ठरलं होतं. ती यादी माझ्यावरून निघायची होती. सुमतीताईंनी सात महिने खपून ते लिहिलं. मूळ कागद मात्र उरले नव्हते. छप्पर गळून त्यांचा लगदा झाला होता. काम संपल्यावर माझी एक नक्कल टेपच्या फितीवर काढून ठेवायची होती, पण फितीचं यंत्र महिनाभर बिघडलेलं. म्हणजे त्या सातशे बारा गावांच्या विहिरी जगात एका माझ्याजवळच होत्या.

चौऱ्याऐंशी सालची गोष्ट. पुढं साऱ्या विदर्भाच्या विहिरींचं काम येणार होतं. ते एका डिस्कमध्ये मावेना. तेव्हा आमचे मोठे साहेब मधुकरराव म्हणाले, "एक ते चार नंबरच्या डिस्का रिकाम्या करून जोडून टाकू." जोडायच्या म्हणजे सुतळीनं बांधायच्या नाहीत हं! चार घागरींचं पाणी एका हौदात ओतलं की कुठलं पाणी कुठल्या घागरीचं, हे कुणी विचारत नाही. तसंच हे. डिस्का चार, पण कॉम्प्युटरला वाटावं की एकच मोठी आहे. मात्र त्याआधी घागरी घासून घ्याव्या लागतात. प्रत्येक डिस्कचा कोपरा न् कोपरा लिहून-वाचून तपासायचा, खराब जागा टिपून ठेवायच्या, जुनं सगळं पुसायचं आणि पहिल्या पानावर नवं नाव घालून लिहायचं, की ही चारांतली पहिली, ही दुसरी. मग चौघींची गाठ मारायची.

त्याच आठवड्यात खंडेनवमी आली. आमच्या कचेरीत त्या दिवशी मशीनची पूजा होई. मधुकरराव देवभोळे, पण धुळीच्या बाबतीत कडक. "अगरबत्ती आत नाही. कुंकू आत नाही. डिस्का बाहेर आणा, व्हरांड्यात पूजा करू."

"आन् नारळ कुठं फोडू, साहेब?" मुकुंदनं विचारलं. मुकुंद आमचा ऑपरेटर. हाताचा चपळ, तोंडाचा त्याहून.

"तुझ्या डोक्यावर. तिथं धूळ नाही, काहीच नाही."

सगळे हसले. आम्हां पाचजणींना झाकणासकट पाटावर मांडलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची फुलं ठेवली. सुमतीताई पूजेला बसत नसत. त्यांच्या घरानं छप्पन साली बुद्धाची वाट धरली होती. त्या बाजूला शांत उभ्या राहिल्या, पण पेढ्यांचा डबा फिरू लागताच पुढं झाल्या. मुकुंद म्हणाला, "ताई, तुमाले चालते काय हा?"

"पेढ्याले कायचा धर्म, मुकुंदभाऊ? द्या इकडं. दोन द्या."

पूजा झाल्यावर मुकुंदनं ओल्या फडक्यानं आमची झाकणं पुसली. धुळीचा कण नको म्हणून अगदी घासून पुसली. कुंकू गेलं आणि त्याबरोबर पट्ट्यांवरची शाईही गेली. मग त्यानं आम्हांला हाताला येतील तशा कपाटात ठेवलं. मी चौथ्या खणात गेले आणि माझी चौथी बहीण पाचव्या खणात.

दसऱ्याची सुट्टी झाली. सुमतीताई त्या दिवशी दीक्षाभूमीवर, लांबून आलेल्या लोकांना पाणी वाटत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मुकुंदनं कपाट उघडलं आणि पहिल्या चार खणांतल्या डिस्का चार यंत्रांवर चढवल्या. त्याला संध्याकाळची काटोलची बस गाठायची होती, मेहुणीचा साखरपुडा होता. लाल पट्टीचं झाकण काढताना तो क्षणभर थांबला. मला वाटलं, ओळखलं! पण तो स्वतःशीच म्हणाला, "पूजेत झाकणं बदलली वाटते," आणि झाकण यंत्रावर ठेवून दिलं.

मित्रांनो, पट्टीवरचं नाव गेलं तरी डिस्कचं नाव जात नाही. ते माझ्या पहिल्या पानावर, आत लिहिलेलं असतं. कॉम्प्युटर पुसण्याआधी ते वाचतो, कागदावर छापतो आणि विचारतो, पुसू का? पण मुकुंदनं घाईपायी चौघींची उत्तरं आधीच लिहून ठेवली होती. हो, हो, हो, हो.

तीन बहिणी धुऊन निघाल्या. मग माझी पाळी आली. कॉम्प्युटरनं खडखड करत माझं नाव छापलं, "विहिरी, नंबर पाच. पुसू का?" आणि त्याखाली आपोआप "हो" उमटलं. कागद मशीनच्या मागं घरंगळत गेला. मला तोंड नाही, मी काय करणार? पहिल्या पानावरची अनुक्रमणिका गेली. मग कडेपासून एकेक गाव जाऊ लागलं. हनुमंताच्या देवळामागची विहीर गेली. शाळेजवळची गेली. मी फिरतच होते. थांबणं माझ्या हाती नव्हतं.

एवढ्यात सुमतीताई यादीचं विचारायला काचेशी आल्या.

"मुकुंदभाऊ, चार नंबरच्या मशीनवर माह्या डिस्कचं झाकण काहून आहे?"

"झाकणं बदलली, ताई. आत चार नंबरच आहे."

"पायलं काय तुमी?"

"पाहाचं काय त्यात? चवथ्या खणातून काढली, चवथ्या मशीनवर लावली."

सुमतीताई दाराशी गेल्या. चपला काढल्या, आत आल्या, वाकून मशीनमागचा कागद ओढला आणि वाचला. त्यांचा आवाज मी तोवर कधी चढलेला ऐकला नव्हता.

"थांबव गा! माह्या विहिरी पुसून राहिली ते!"

मुकुंद कळफलकाशी धावला. कुठली कळ दाबायची तेच त्याला सुचेना. सुमतीताईंना कॉम्प्युटरची भाषा येत नव्हती. पण रोज काम संपलं की मधुकरराव माझ्या यंत्रावरचं एक बटण दाबत, "आता हिच्यावर काही लिहिलं जाणार नाही" असं म्हणत, हे त्यांनी काचेतून पाहिलं होतं. त्यांनी ते बटण दाबलं. दिवा लागला. सुई जिथल्या तिथं गप्प झाली.

मधुकरराव धावत आले. मुकुंद भिंतीला टेकून उभा होता. "साहेब, मले काढून टाका."

"तुला काढून विहिरी परत येतात का? बस खाली. किती गेलं ते बघू."

यादी मंगळवारच्या बैठकीत द्यायची होती. हातात शनिवार, रविवार, सोमवार. अनुक्रमणिका फाटलेलं पुस्तक असतं ना, तशी मी झाले होते. पानं होती, पण कुठलं पान कुठल्या गावाचं ते कळत नव्हतं. मधुकररावांनी माझं एकेक पान जसंच्या तसं कागदावर छापायला घेतलं. काटोलची बस केव्हाच निघून गेली होती. मुकुंद कागद फाडून सुमतीताईंपुढं ठेवी, आणि त्या एका नजरेत ओळखून सांगत, "हे काटोलकडचं. इथं विहिरीले संत्र्याच्या बगिच्याचं नाव असते. हे कळमेश्वर. हे पान त्याच्याच खालचं, अक्षर चुकलं होतं माझं, आठवते मले." सात महिने ज्या बाईनं एकेक अक्षर लिहिलं, तिच्या मनात माझी दुसरी प्रत होती. ही गोष्ट कुणाच्याच ध्यानात आली नव्हती. बहुधा तिच्याही नाही.

सोमवारी दुपारपर्यंत सातशे बारांपैकी सहाशे शहाऐंशी गावं सापडली. सव्वीस गेली ती गेलीच. ती सगळी कुहीकडची. आपल्या भागापासून सुरुवात करावी म्हणून सुमतीताईंनी तीच सर्वांत आधी लिहिली होती, आणि पुसणंही तिथूनच सुरू झालं.

मुकुंद हळूच म्हणाला, "बैठकीत मशीन बिघडली म्हणू काय, साहेब?"

मधुकररावांच्या आधी सुमतीताईच बोलल्या. "मशीन काहून बिघडली म्हणता? मशीननं तं विचारलं होतं."

मधुकररावांनी बैठकीत खरं ते सांगितलं, बोलणी खाल्ली आणि सव्वीस गावांसाठी मुदत मागून घेतली.

दुसऱ्या दिवसापासून सुमतीताई आणि मुकुंद बसनं कुहीला जाऊ लागले. मुकुंदच्या डोक्यावर रिकाम्या बाटल्यांची पेटी. भाताच्या बांधांवरून चिखल तुडवत गावोगाव जायचं, विहिरीचं पाणी भरायचं, तपासायला आणायचं. एका गावात बायजाबाई नावाची म्हातारी विहिरीवर होती. ती सुमतीताईंना म्हणाली, "काहून वं पोरी, मागंच नेलं ना पाणी? का पेऊन टाकलं तुमच्या साहेबायनं?"

सुमतीताई काही बोलायच्या आत मुकुंद म्हणाला, "नाही मावशी. माह्या हातून सांडलं."

"मंग नीट धर आता," असं म्हणून बायजाबाईनं स्वतः पोहरा सोडून त्याची बाटली भरून दिली.

हे सारं मला कसं माहीत? ते दोघं मशीनच्या खोलीत बसून बोलायचे ना! त्यानंतर सुमतीताईंना आत यायला कुणाची परवानगी लागली नाही. पट्ट्यांवर पुन्हा नंबर घातले, शाईनं नव्हे, रंगानं. खऱ्या चौथ्या बहिणीला नीट वाचून, तपासून, तिघींशी जोडलं. आधीच उत्तरं लिहून ठेवायची पद्धत मधुकररावांनी बंद केली. मुकुंद प्रत्येक वेळी छापलेलं नाव मोठ्यानं वाची, आणि काचेपलीकडून सुमतीताई "बरोबर" म्हणत, तेव्हाच तो कळ दाबी. चौघीजणी मिळून फार मोठी झाल्या. मी एकटीच राहिले, पण मला त्याचं वाईट वाटलं नाही. माझ्यावर विहिरी होत्या.

पुढं लहानशा, स्वस्त डिस्का आल्या. माझ्यावरचं सगळं त्यांच्यावर उतरवून घेतलं आणि मला या खोलीत आणून ठेवलं. तक्रार नाही. ज्याचं काम झालं त्यानं जागा द्यावी, हेच बरं.

एक मागणं मात्र आहे. तुम्ही मोठे व्हाल, पुष्कळ काही पुसाल, जुनं काढून नवं मांडाल. ते करायलाच हवं. पण हात फिरवण्याआधी समोरच्यावर काय लिहिलंय ते एकदा स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. कुणी विचारलं, "पुसू का?" तर त्याला आधीच लिहून ठेवलेलं उत्तर देऊ नका.

कुहीच्या त्या सव्वीस गावांचं पाणी पुन्हा तपासलं, पुन्हा लिहिलं आणि त्यांतल्या नऊ विहिरी बंद करायचा हुकूम निघाला. इतर गावांहून बारा दिवस उशिरा. आज माझ्या अंगावर सातशे बाराही गावं आहेत, एकही कमी नाही. पण त्या बारा दिवसांत त्या नऊ विहिरींचं पाणी कोण कोण प्यायलं, ते माझ्यावर कुठंच लिहिलेलं नाही.