घोटाभर पाणी

पाटाच्या मुखाशी सतरा फावडी होती आणि माणसं नऊ. मी दोनदा मोजलं. उरलेली आठ फावडी कॉटनवूडच्या झाडाला ओळीने टेकवून ठेवली होती. आमच्या पाटावर सतरा घरं आहेत आणि वसंतात पाट काढायच्या, म्हणजे त्यातला गाळ उपसायच्या दिवशी प्रत्येक घराने एक माणूस द्यायचा असतो. आठ घरांनी फावडं दिलं होतं. माणूस खाली गावात, शाळेच्या मैदानावर, सोहळ्याला गेला होता.

चूक तिओ बेलार्मिनोची. तिओ म्हणजे मामा: माझ्या आईचा थोरला भाऊ, साऱ्या गावाचा तिओ, आणि गेली तीस वर्षं आमचा पाटकरी. राज्याने या वर्षीपासून लातिनो वारसा दिनाची सुट्टी जाहीर केली तेव्हा तो खूश झाला. "सगळे मोकळे. त्याच दिवशी पाट काढू." सुट्टी असेल तर सोहळाही असेल, हे त्याच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही आलं नाही, आणि मी जलविज्ञान शिकले आहे.

"ही फावडी आपली आपण खणणार का?" तिओने झाडाकडे बघत विचारलं. मग त्याने काठीने पाटाचा तळ मोजत प्रत्येकाला एकेक तुकडा आखून दिला. तुकडे नेहमीच्या दुप्पट लांब होते.

माझ्या शेजारच्या तुकड्यावर तिया सेनाइदा होती, माझी मावशी, तिओची धाकटी बहीण. तिचं शेत पाटाच्या अगदी शेवटच्या टोकाला. तीन वर्षं तिच्या लसणापर्यंत पाटाचं पाणी पोचलेलं नाही. शहरातला एक माणूस तिचा पाण्याचा हक्क विकत घ्यायला तयार आहे. जमीन नको, फक्त पाणी. तो दुसऱ्या दिवशी कागद घेऊन येणार होता.

"पाट काढल्यावरचं पहिलं पाणी शेवटच्या शेताला द्यायचं असतं," तिया खणता खणता म्हणाली. "आज माझ्या शेताच्या दारात घोटा बुडेल एवढं पाणी आलं तर सही नाही. नाही आलं तर करते सही, आणि जाते डेन्व्हरला लेकीकडे."

"कुणाचा घोटा, तिया?"

"माझा! कुणाचा असणार?"

मी खिशातली टेप काढून तिथेच मोजला. तळव्यापासून घोट्याच्या हाडाच्या माथ्यापर्यंत आठ सेंटिमीटर.

"विद्यापीठात हेच शिकवतात का गं मिहा, माझ्या पोरी?" ती म्हणाली, पण आकडा तिने परत एकदा विचारून घेतला.

दुपार कलली तेव्हा पाट मोकळा झाला. पण मुखाशी पाणी सोडायचं जे दार, त्याला कुलूप. दोन वर्षांपूर्वी पाणी-कचेरीने ते लावलं, आणि किल्ली कचेरीतल्या डेल्फिदोकडे असते. तिओने फोन लावला आणि ऐकून माझ्या हातात दिला. ध्वनिमुद्रित आवाज सांगत होता की लातिनो वारसा दिनानिमित्त कार्यालय बंद आहे.

"हे लातिनो म्हणजे नक्की कोण?" तिओने विचारलं.

"आपणच, तिओ."

"आपण? आणि आपल्यासाठी कचेरी बंद ठेवली?"

"आपल्या सन्मानार्थ."

त्याने टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी परत घातली. "चल, गाडीत बस. डेल्फिदो बँडमध्ये व्हायोलिन वाजवतो. तो तिथेच सापडेल."

मैदानावर भाजलेल्या मिरच्यांचा वास होता आणि मधोमध मंच. डेल्फिदो काळी जाकिटं घातलेल्या चौघांत वाजवत होता. आमच्या पाटावरचा सिप्रियानो कणीस खात पहिल्याच रांगेत बसला होता.

"तिओ! माझं फावडं आलं ना?"

"आलं. तेही तुझ्यासारखंच टेकून बसलंय."

तिओ तसाच मंचावर चढला, गुडघ्यापर्यंत चिखल, हातात काठी. मी खाली थांबले. निवेदिका बाईंनी हातातला कागद पाहिला, तिओकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "बेलार्मिनो साइस! आपल्या पाण्याचे राखणदार!" टाळ्या झाल्या. नंतर कळलं की सत्कारासाठी त्यांनी त्याला दोनदा फोन केला होता. कुणीतरी काहीतरी विकतंय असं वाटून त्याने दोन्ही वेळा ठेवून दिला. बाईंनी त्याच्या हातात नाव कोरलेली लाकडी पाटी दिली आणि तोंडापुढे माइक धरला.

"डेल्फिदो, किल्ली," तिओ माइकमध्ये म्हणाला.

परत टाळ्या. बहुतेक लोकांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला.

डेल्फिदो पुढे वाकून कुजबुजला, "तिओ, आज सुट्टी आहे. सोमवारी या ना." माइकने ते मैदानभर पोचवलं. काही जण हसले, काही हसता हसता थांबले. बाई कागदावर पुढची ओळ शोधत राहिल्या.

"सोमवारी माझी बहीण इथे नसेल," तिओ म्हणाला. त्याचे डोळे ओले दिसत होते. वाऱ्यामुळे की कशामुळे, मला सांगता येणार नाही. वारा होता.

तेव्हा तिसऱ्या रांगेतून डेल्फिदोची आई उठली. "डेल्फिदो! ती किल्ली दे त्यांना. का मी येऊ वर?"

डेल्फिदोने व्हायोलिन काखेत धरून पट्ट्याची किल्ली सोडवली. या वेळच्या टाळ्या सगळ्यांत मोठ्या होत्या. त्या तिओसाठी होत्या, आईसाठी की किल्लीसाठी, ते मला अजून कळलेलं नाही. बँडने पुढची धून सुरू केली.

दार उघडलं तेव्हा ऊन डोंगरावर चढलं होतं. पाणी फेस आणि सुकी पानं ढकलत निघालं, आणि तिओ दाताळं घेऊन त्याच्या पुढे चालू लागला. सिप्रियानोच्या शेताशी त्याच्या दाराची एक फळी कुजून पडली होती आणि पाणी तिकडे वळायला लागलं. तिओने गाडीतून पाटी मागवली. ती एका बाजूने थोडी लांब होती. त्याने तिरकी करून फळीच्या जागी ठोकून बसवली, अक्षरं पाण्याच्या बाजूला. मुद्दाम की घाईत, मी विचारलं नाही. मी पुढे पळाले.

तिया शेताच्या दाराशी बूट काढून अनवाणी उभी होती. पाणी येईतो मी तिला पाटीची गोष्ट सांगितली. पाणी तिच्या बोटांना लागलं तशी ती एकदम ओरडली. मी टेप धरली. तीन सेंटिमीटर. पाच. सात. मग ते सातवरच थांबलं. आम्ही वाट पाहिली, सात. तिओ मागून येऊन पोचला आणि दाताळ्यावर टेकून दुसरीकडेच बघत राहिला.

"किती?" तियाने विचारलं.

"सात."

"पाट्या लावायला लाकूड मिळतं यांना," ती भावाला उद्देशून म्हणाली, "पाणी तेवढं मिळत नाही."

"मी काय करू, सेनाइदा? नदीला शिव्या देऊ?"

दाराशी मऊ गाळ साचला होता. त्यात ती एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकू लागली, घराच्या विटांसाठी माती तुडवतात तशी, सावकाश. बराच वेळ. मग थांबली.

"आता मोज, मिहा. नीट मोज."

मी टेप पाण्यात सोडली, मग तिच्या पावलाशी धरली, आणि दोन्ही आकडे पुन्हा एकदा पडताळून पाहिले.

पाणी सात सेंटिमीटर. पाऊल गाळात दोन सेंटिमीटर. घोटा पाण्याखाली एक सेंटिमीटर.