घरटी एक माणूस

जानकीचं घर गावाच्या वरच्या अंगाला, जिथून कातळाचा सडा सुरू होतो तिथं. खालच्या वाडीतून तिच्याकडे यायचं तर घाटी चढावी लागे, आणि घाटी चढून यावं असं कुणाचं तिच्याकडे काही काम नसे. लढाईच्या दिवसांत तिचा नवरा मुंबईला गोदीत कामाला गेला. दोन वर्षं गणपतीला आला, मग यायचा बंद झाला. मेला म्हणावं तर खबर नाही, जगतोय म्हणावं तर ठावठिकाणा नाही. जानकी रोज सकाळी कुंकू लावी, पण संक्रांतीला हळदीकुंकवाचं बोलावणं तिला येत नसे. ‘नको’ असं कुणी तोंडानं म्हणालं नाही. बोलावणारी मंडळी घाटीच्या पायथ्याशीच वळत, एवढंच. सासू होती तोवर भांडायला तरी माणूस होतं. ती गेल्यावर जानकी गाईशी बोलायची. मग गायही म्हातारी होऊन मेली.

गावची शाळा तेव्हा देवळाच्या सभामंडपात भरे. सप्ता आला की शाळा बंद, जत्रा आली की बंद, कौल घ्यायला माणसं जमली की मुलं बाहेर वडाखाली. काशिनाथ गुरुजी बदलून आले आणि त्यांनी पहिल्याच वर्षी गावाला देवळात बसवून सांगितलं, ‘‘जागा मिळाली आहे, चिऱ्याची खाण सड्यावर आहे, हात आपले आहेत. दर रविवारी घरटी एक माणूस द्या. दोन उन्हाळ्यांत शाळा उभी करू.’’

गाव तयार झाला. महादू गावकर एकेक घर मोठ्यानं पुकारू लागला, आणि ज्याचं घर तो ‘हो’ म्हणू लागला. शेवटचं घर झालं तेव्हा बायकांच्या मागून आवाज आला, ‘‘आणि माझा घर?’’

सगळ्यांनी वळून पाहिलं. महादू हसला. ‘‘तू एकटी बायलमाणूस, जानक्ये. तुका कित्याक त्रास?’’

‘‘एकटी म्हणान ता घर न्हय काय?’’

गुरुजी म्हणाले, ‘‘जानकीबाईंचं घर धरा.’’

शाळेची जागा तिच्या घरापासून हाकेच्या अंतरावर होती. दिवाळी सरली, भात घरात आलं, आणि रविवारी सकाळी सड्यावर माणसं दिसू लागली. पुरुष खाणीत चिरे तोडत, बायका डोक्यावर चुंबळ ठेवून ते वाहत. चिरा उचलायला दुसरीचा हात लागतोच. ‘‘जानक्ये, हात लाव गो!’’ अशी हाक आली की जानकी धावे. इतक्या वर्षांत कुणी तिला नावानं इतक्यांदा हाक मारली नव्हती. खालच्या वाडीतल्या धोंडूची सून सीता तिच्या जोडीला असे. ती चिरा डोक्यावर घेऊनही हसायची, आणि तिच्या हसण्यानं जानकीलाही हसू येई.

दुपारी बायका पेज खायला जानकीच्या पडवीत येत. शनिवारीच ती पडवी सारवून ठेवी, माठ भरून ठेवी. जेवणं झाली की त्या भिंतीला टेकून, तंबाखू चघळत आपापल्या सासवांच्या चुगल्या करत. जानकी ऐकत बसे. सोमवारी पडवीत शिरलं की तिला तिथं तंबाखूचा वास येई, आणि तो जाऊ नये असं वाटे.

बायकांत वडीलधारी राधाबाई. विसाव्या वर्षी विधवा झालेली, जिभेची तिखट. भिंतीच्या मातीचा चिखल तिच्या देखरेखीखाली मळला जाई. एकदा पेज खाता खाता तिनं जानकीच्या कपाळाकडे पाहिलं. ‘‘कुकू बरा दिसता. कोणासाठी लावतस?’’

जानकीनं पेजेतलं लोणचं बोटानं चाखलं आणि म्हणाली, ‘‘सवय, काकी.’’

भिंती पहिल्या उन्हाळ्यात उभ्या राहिल्या. दुसऱ्या उन्हाळ्यात मालवण बंदरात कौलं उतरली, बैलगाड्यांनी सड्याच्या टोकापर्यंत आली, आणि तिथून हातोहात छपरावर चढली. मे महिन्यात, बोटी बंद व्हायच्या आधी, तालुक्याचे साहेब उद्घाटनाला येणार असं ठरलं. साहेबांना ओवाळायला पाच सवाष्णी हव्या होत्या. गुरुजी म्हणाले, ‘‘ज्यांनी चिरे वाहिले त्यांनीच ओवाळायचं.’’

चार नावं लगेच ठरली. पाचव्याला सीता म्हणाली, ‘‘जानकी.’’

सगळ्यांचे डोळे राधाबाईकडे गेले. तिनं हातातली मिश्री झटकली. ‘‘हिचो घोव मेल्याची खबर आसा कोणाकडे? नाय मां? मगे सवाशीण ती. तेच्यात इचार कसलो करतात?’’

त्या रात्री जानकीनं पेटीच्या तळाचं लग्नातलं हिरवं लुगडं काढलं. घडीवर विरलं होतं, पण निऱ्यांत झाकलं गेलं असतं.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीच्या जरा आधी, गंगाराम घाटी चढून आला. तो मुंबईला गोदीत होता, दोन दिवसांपूर्वीच बोटीनं आलेला. अंगणात उभा राहून तो आत येईना.

‘‘बस रे,’’ जानकी म्हणाली.

‘‘बसत नाय.’’ त्यानं टोपी काढून हातात घेतली, आणि टोपी काढलेली पाहूनच तिला कळलं.

‘‘कधी?’’

‘‘थंडीत. तापान. आमका उशिरान समाजला. थंय तेचा बिऱ्हाड होता. बायल आसा. एक चेडू आसा.’’

जानकी पडवीच्या कडेला बसली. तिनं मुलीचंच विचारलं, ‘‘चेडू केवढा आसा?’’

‘‘शाळेत जाता.’’

‘‘कोणाक सांगलंस?’’

‘‘तुझ्याआधी कोणाक कित्याक सांगू?’’ असं म्हणून तो निघून गेला.

तिला रडू आलं नाही. मेला त्याचं दुःख करायचं तर तो कसा दिसायचा हे तरी नीट आठवायला हवं होतं, आणि ते आठवेना. समोर दोरीवर हिरवं लुगडं वाळत होतं. तेवढं एकच तिला दिसत होतं. आज सांगितलं तर उद्या चार सवाष्णी पुढं होतील आणि आपण मागं, बायकांच्याही मागं, खांबाआड. आणि काम संपल्यामुळं परवापासून तर बायकांना वर यायचं काही कारणच नाही.

सकाळी तिनं कुंकवाची डबी उघडली. बोट डबीत तसंच राहिलं. मग तिनं नेहमीपेक्षा मोठं कुंकू लावलं आणि लुगडं नेसून बाहेर पडली.

साहेब आले. ढोल वाजले. सीतेच्या शेजारी उभं राहून जानकीनं तबक धरलं. तिची पाळी आली तेव्हा निरांजनाच्या ज्योतीपलीकडं तिला गंगाराम दिसला. तो आपल्या वहाणांकडे पाहत होता. तिनं ओवाळलं. साहेबांनी गावाच्या श्रमदानाचं कौतुक केलं, मुलांना पेढे वाटले, आणि उन्हं कलायच्या आत गाव घाटी उतरून खाली गेला.

दुसऱ्या दिवशी जानकीनं कुंकू पुसलं, मंगळसूत्र काढलं आणि घागर घेऊन खालच्या विहिरीवर गेली. सीतेच्या हातातला दोर तसाच राहिला.

‘‘जानक्ये, ह्या काय गो?’’

‘‘वारलो. थंडीतच.’’

‘‘तुका कधी समाजला?’’

आज, असं म्हणता आलं असतं. कुणी शोध करायला जाणार नव्हतं. पण ते कुंकू कालच्या दिवसापुरतं होतं. आणखी पुढं ते ओढायचं तिच्या जिवावर आलं.

‘‘उद्घाटनाच्या आदल्या दिसा,’’ ती म्हणाली.

विहिरीवर राधाबाईही होती. ती काही बोलली नाही. सीतेनं आपली कळशी उचलली, अर्धी भरलेलीच, आणि गेली.

गावात कुजबुज झाली. विधवेनं ओवाळलेली शाळा, मुलांना बाधेल, असं कुणीतरी म्हणालं. गुरुजींनी दोघाचौघांशी वाद घातला, पण गावकऱ्यांनी देवळात नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलंच. जानकीला तोंडावर कुणी एक शब्द बोललं नाही. शब्द ऐकवायला तरी कुणी घाटी चढायला हवं होतं.

आठवड्यानं राधाबाई चढली. पडवीत बसून तिनं आधी दम खाल्ला, मग पाणी मागितलं.

‘‘गंगाराम तुझ्याकडे येवच्या आधी माझ्याकडे इल्लो,’’ ती म्हणाली. ‘‘कसा सांगू म्हणान इचारूक. मी तेका म्हटलंय, उद्याचो दीस जाय सर तोंड उघडू नको. पण तेच्या पोटात रवाक नाय.’’

जानकीला गंगारामाचं ‘तुझ्याआधी कोणाक सांगू’ आठवलं. ‘‘तुमका म्हायत होता? मगे तुमी माका ओवाळूक कशी दिलास?’’

‘‘माका विसाव्या वर्सा पांढरा कपाळ इला. तेच्यानंतर कोणाच्या लग्नात माका पुढे उभी करूक नाय. तुझो एक दीस होतो. तो कित्याक काढान घेवचो?’’

‘‘आणि त्या दिसा बावडेर पाणी भरताना गप कशाक रवलास, काकी? तुमी बोललास असतास तर गावान आयकला असता.’’

राधाबाईनं तांब्या खाली ठेवला. तिची नेहमीची जीभ कुठंतरी गेली होती. ‘‘बोललंय असतंय तर मीय त्यात इलंय असतंय. माका सुनेच्या हातचा खावन दीस काढूचे आसत, बाय.’’

रागवावं असं जानकीला वाटलं, पण समोरची म्हातारी पडवीच्या खांबाला धरून उठत होती. जानकीनं हात दिला. घाटीच्या तोंडापर्यंत सोडायला गेली.

‘‘परत येशात?’’

‘‘चढवत नाय गो आता,’’ राधाबाई म्हणाली. ती पुन्हा आली नाही.

जूनमध्ये शाळा भरू लागली. दिवसभर पाढ्यांचा आवाज जानकीच्या पडवीपर्यंत येई. कधी एखाद्या मुलीचा चिरका आवाज सगळ्यांच्या वर जाई, तेव्हा तिला मुंबईचं ते चेडू आठवे. ते आता कितवीत असेल, बापावर गेलं असेल की आईवर, असं काहीबाही ती मनात घोळवी. मग घंटा होई, मुलं घाटीनं खाली पळत, गुरुजी कुलूप लावून जात.

गुरुजी विसरभोळे. बहुतेकदा एखादी खिडकी उघडीच राहायची आणि वाऱ्यानं आपटायची. जानकी जाऊन बाहेरून ती लोटी, आणि पुन्हा उघडून पाऊस आत जाऊ नये म्हणून तिला एक दगड टेकवी. हे कुणी तिला सांगितलं नव्हतं, आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही. परत येऊन ती चूल पेटवी आणि एकटीपुरते तांदूळ धुवायला घेई.