आतून कडी

खट्. कंगवा घेऊन ती वळली, तोवर लेक लॅपटॉपसकट खोलीत शिरून कडी लावून मोकळी. दुकानातली सगळी बिलं लॅपटॉपवरच्या ज्या दरांच्या तक्त्यावरून होतात, त्यात बदल करताना कुणी मध्ये लुडबुडू नये म्हणून आईने घरूनच त्याला कुलूप घातलं होतं, ते निघेपर्यंत तो कुणालाच उघडत नव्हता; आणि ते तसंच ठेवून ती लेकीची वेणी घालायला उठली होती.

दुकानातून साहेबांचा फोन आला. "बाई, गिऱ्हाईकं खोळंबलीत. कुलूप काढताय ना?"

"काढतेच," म्हणत तिने दार वाजवलं. "चिमणे, उघड बरं. सगळे अडकलेत."

"मी काम करतेय," थेट तिच्याच सुरात उत्तर आलं. "माझं होईपर्यंत कुणी आत यायचं नाही."

"कधी होणार गं तुझं?"

"आई, तुझं कधी होतं?"