पेढ्यातला मावा, कळीवरचा मावा

मित्रांनो, पितळी कड्यातलं, कडेला टवका उडालेलं जुनं भिंग म्हणजे मी. मला घडवलं कुणी ते आठवत नाही. आठवतो तो म्हसावदच्या शाळेतल्या हिलाल गुरुजींच्या कोटाचा खिसा. मुंगीचे पाय दाखवायचो तेव्हा मुलं "मले दाखाडा, मले दाखाडा" म्हणत झोंबायची. फार ऐट होती मला. छत्तीस सालच्या श्रावणात ती उतरली.

गुरुजींच्या थोरल्या बहिणीच्या, कौसाबाईंच्या अंगणात गुलाबाची तीन झाडं होती. लेक सिंधू तापातून उठली, म्हणून यंदा कानबाईला, आमच्या खानदेशच्या देवीला, घरचेच गुलाब वाहीन, असा नवस त्या बोलल्या होत्या. कानबाईची स्थापना रविवारी होती. सोमवारपासून हवा ढगाळ झाली आणि कळ्या चिकट होऊन वाकड्या वळू लागल्या.

गुरुजी तळोद्याला निघाले होते. "हाऊ मावा शे. भिंगमा नीट देखा," म्हणाले, मला सिंधूच्या हातात दिलं आणि गेले.

कौसाबाई हसल्या. "मावा तं पेढासमा ऱ्हास! तो काय कळी बिघाडी?"

कळीखाली पोपटी ठिपक्यांची दाटी होती; रस शोषणारी ही बारीक कीड म्हणजेच गुरुजींचा मावा. ती सोडून सिंधूनं मला पुढं सरकवलं, तर खाली काळा, काटेरी, नारिंगी ठिपक्यांचा किडा. मी त्याला बोटाएवढा केला.

"माय वं! राक्षस शे!"

"हाऊच चोर. मारी टाक!"

तीन दिवसांत मायलेकींनी माझ्याच कड्याखाली असे वीसेक चिरडले. 'थांबा, नीट बघा' म्हणायला मला तोंड नव्हतं. सिंधूच्या मुठीत मी नुसता तापत राहिलो. मावा वाढतच होता.

शुक्रवारी कौसाबाई विळा घेऊनच आल्या. "आते कानबाईले काय वाहू? कापीच टाकस हाई झाडं."

तेवढ्यात सिंधूला आणखी एक राक्षस दिसला. या वेळी तिनं श्वास धरून मला स्थिर ठेवलं. किड्यानं एक पोपटी ठिपका पकडला, चोखला, रिकामं साल टाकलं. मग दुसरा.

"माय, विळा ठेव! हाऊ तं मावा खाई ऱ्हायना!"

कौसाबाई माझ्यातून बराच वेळ बघत राहिल्या. "म्हनजे आपुन राखनदारलेच मारं?"

मग दोघींनी ओल्या फडक्यानं एकेक कळी पुसली. त्या किड्याचं पान तेवढं सोडलं. रविवारी कानबाईला दोनच गुलाब मिळाले, तेही किंचित वाकडे.

माझ्या कड्यावर तेव्हाचा एक काळा डाग अजून आहे. मित्रांनो, मला पुसा, जपा. पण मी फक्त मोठं दाखवतो. कोण काय खातं, ते थांबून तुम्हीच पाहायचं असतं. कुणी मला घाईनं उचललं, की आजही माझा जीव थाऱ्यावर राहत नाही.