होनोरिओची फुंकर

कोर्टात मला स्वतःचं काही बोलायची बंदी आहे. दुसऱ्याचं बोलणं या भाषेतून त्या भाषेत न्यायचं, पदरचं एक अक्षर घालायचं नाही, अशी शपथ घेऊन मी पगार घेते. माम भाषेची दुभाषी या जिल्ह्यात मी एकटीच, आणि माझं काम मला चोख येतं. पण त्या मंगळवारी जीभ आवरताना जीव मेटाकुटीला आला.

आरोपी होनोरिओ काल्मो. ग्वातेमालातल्या आमच्याच डोंगरातला, माम बोलणारा, इथं अमेरिकेत कोंबड्यांच्या कारखान्याचा ट्रक चालवणारा. बाप्तिस्म्याच्या जेवणाहून परतताना भर दुपारी पोलीस टॅनरनं त्याला अडवलं आणि लायसन्स काढून घेतलं. दोन बियर प्यालो होतो, हे होनोरिओनं स्वतःच कबूल केलं. गुन्हा मात्र वेगळाच लागला: श्वासाची तपासणी नाकारली. तो सिद्ध झाला की लायसन्स वर्षभर गेलं, म्हणजे ट्रक गेला आणि नोकरीही.

"मी त्याला त्याच्या भाषेत हक्क आणि नकाराची शिक्षा वाचून दाखवली," टॅनर म्हणाला. "स्पॅनिशमध्ये, कार्डावरून. दर वाक्याला तो हो, हो म्हणत होता."

होनोरिओला स्पॅनिश येतं ते किलोभर कांदे घेण्यापुरतं. साहेब बोलले की आमची माणसं हो म्हणतात. ते ऐकल्याचं हो असतं, कळल्याचं नव्हे. हे ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण मी टॅनरचं वाक्य तेवढं माममध्ये नेलं.

मग सरकारी वकिलानं पोलीसगाडीतल्या कॅमेऱ्याचं चित्रण लावलं. टॅनर श्वास तपासायचं यंत्र धरून होनोरिओच्या अगदी समोर उभा. होनोरिओ काहीतरी पुटपुटतो, मान वळवतो आणि रस्त्याकडे जोरात फुंकतो. असं तीनदा.

"सरळ थट्टा चालवलीय," सरकारी वकील म्हणाला. "नकार आणखी कसा असतो?"

होनोरिओचा वकील उठला. पोरसवदा, पण कान तिखट. "तो काय पुटपुटतोय ते दुभाषीबाईंनी सांगावं."

मी ते दोनदा लावायला लावलं. अंदाजपंचे मी बोलत नाही. "'साहेब, तोंड जरा तिकडे करा.' तिन्ही वेळा तेच."

जज्जबाईंनी चष्मा काढला. "असं का म्हणालात?"

होनोरिओ माझ्याकडे वाकून कुजबुजला, "ताई, कसं सांगू? साहेबांचा अपमान होईल."

मी तेही इंग्रजीत सांगितलं. सगळं म्हणजे सगळं.

"बोला. कुणी रागावणार नाही," जज्जबाई म्हणाल्या.

"बाई, माणसाच्या तोंडावर फुंकायचं नसतं. थुंकल्यासारखंच ते. त्यात मी प्यालेला. फुंका, एवढं खुणेनं कळलं, म्हणून फुंकलो. कशासाठी ते कुणी सांगितलं नाही."

"पढवलेलं बोलतोय," सरकारी वकील हसला.

जज्जबाई हसल्या नाहीत. त्यांनी ते कार्ड मागवून माझ्या हातात दिलं. मी त्यावरची एकेक ओळ माममध्ये सावकाश वाचली. 'लायसन्स एक वर्ष' आलं तसा होनोरिओचा चेहरा उतरला. हे तो पहिल्यांदाच ऐकत होता.

"टॅनर, त्या दिवशी धरलंत तसं यंत्र धरा."

टॅनर समोर उभा राहिला. होनोरिओ पुढे झाला आणि थांबला. आता सगळं कळलं होतं, नोकरी पणाला होती, तरी त्याला फुंकवेना. मान वळू नये म्हणून त्यानं टेबलाची कड घट्ट धरली. मला त्याचा रागही आला आणि अभिमानही वाटला.

शेवटी टॅनरनंच आपलं तोंड खिडकीकडे फिरवलं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. होनोरिओनं यंत्र वाजेपर्यंत फुंकलं.

"हा नकार नव्हे," जज्जबाई म्हणाल्या. "लायसन्स आत्ता परत द्या."

टॅनरनं ते स्वतः आणून होनोरिओच्या हातात ठेवलं. खाली बघत म्हणाला, "कोणती भाषा येते, ते मी विचारायला हवं होतं."

हे वाक्य मी माममध्ये जरा मोठ्यानंच सांगितलं.