हळदीतले शिसे

"आजून एकदा चाळ," मौला म्हणाला.

खतिजा चौथ्यांदा हळद चाळत होती. मंगळवार पेठेत त्या नवरा-बायकोचा डंग, म्हणजे कांडपाची गिरणी होती. मिरच्या-हळद कांडून द्यायची आणि थोडी स्वतःची हळद विकायची. एरवी उंबऱ्याबाहेर बायका शिंकत रांगेत उभ्या असायच्या. आज दाराला आतून कडी होती.

"काच न्हाय वं ह्यात. बोटं फिरवून बघितली की."

"तुझ्या बोटांला काय कळतंय? सरकारला घावलीया."

बहात्तर सालचा मे महिना. अन्नभेसळीच्या साहेबानं नेलेल्या नमुन्याचा कागद काल आला होता. त्यातलं एकच वाक्य मौलाला समजलं : 'हळदीच्या नमुन्यात शिसे आढळले.'

कोल्हापुरात बाटलीला शिसा म्हणतात. रॉकेलचा एक शिसा खतिजाच्या हातून डंगाजवळ फुटला होता, हे खरंच. पण कागदात शिसे होते. सरकारनं अनेकवचन वापरलं, म्हणजे पुरावा भक्कम असणार. तीस वर्षं डंग चालवून मौलानं कधी कचेरीची पायरी पाहिली नव्हती. आता एकदम सहा महिने तुरुंग, असं कागद आणणारा शिपाई सांगून गेला होता.

"माझं नाव सांगा," खतिजा म्हणाली. "मीच फोडलाय."

"तुला आत घालत्याल. गप बस."

त्याला वाटलं आपण दरडावलं. आवाज मात्र फाटला होता.

अन्नभेसळीच्या कचेरीत गणपतराव साहेब जबाब लिहायला बसले. त्यांनी नाव विचारायच्या आतच मौला म्हणाला, "साहेब, शिसा माझाच. माझ्याच हातनं फुटला. पर एकच हुता, कुरानाची आण!"

साहेब खोकला येईपर्यंत हसले. मौलाही हसला. साहेब हसल्यावर हसायचं असतं.

"अहो, बाटली नव्हे. शिसं! बंदुकीची गोळी करतात ते."

"हळदीत गोळी?" आता तुरुंगही पुरणार नव्हता.

"गोळी नव्हे हो, रंग. एका पिवळ्या रंगात शिसं असतं. जुनाट हळकुंडं त्यात घोळवली की सोन्यासारखी दिसतात. हळद कुठली म्हणून घेतली?"

"सांगलीची. राजापुरी. गुंडू दलालानं दिली."

"पावती?"

"पावती कशाला? रंगच बोलत हुता की."

"ही राजापुरी नव्हेच. गुंडूला आम्ही बघतो. खटला मात्र तुमच्यावरही होईल."

मौलानं मान हलवली. काचेपेक्षा हे बरं वाटत होतं. निदान टोचत तरी नाही.

"खाल्ल्यावर काय हुतंय, साहेब?"

साहेब आता हसत नव्हते. "मोठ्यांना उशिरा कळतं. लहान पोरांच्या डोक्यावर परिणाम होतो. अंगात साठतं, लवकर जात नाही. कुणाकुणाला दिलीत?"

मौलाला पाठ होतं. रंग चांगला म्हणून ती हळद त्यानं मुद्दाम वेगळी काढली होती, बाळंतिणींच्या घरांसाठी. नऊ घरं.

तुरुंग किती दिवसांचा, हे विचारायचं राहूनच गेलं.

पहिलं घर अंबूबाईचं. तिची सून महिन्याभराची बाळंतीण.

"या मौलाभाई! आजून हळद आणलीसा व्हय?"

"न्यायला आलोय. उरलीया ती द्या."

"उरतीया कुठली? सून दुधातनं पितीया. आन् ह्याला बघा की." तिनं दुपट्यातलं बाळ पुढं केलं. "रोज सायीत कालवून लावतोय. कसा उजळलाय!"

बाळ कपाळापासून हनुवटीपर्यंत पिवळंधमक होतं. मूठ तोंडात घालून चोखत होतं. मूठही पिवळी.

"वैनी, तांब्याभर पाणी द्या."

"असं घाबरल्यावानी काय करताय? बसा. च्या टाकते."

"पाणी द्या आदी."

पाणी आलं. मौला उंबऱ्यावरच बसला. खांद्यावरचं धडपं त्यानं तांब्यात बुडवलं, बाळाची मूठ तोंडातून अलगद बाहेर काढली आणि एकेक बोट पुसू लागला.

"आवो, कातडं सोलशीला पोराचं!" अंबूबाई हसली.

धडपं पिवळं झालं. बोटं होती तशीच होती.