पांढरं फडकं

तिने गाईचा सड दाबला तसं वाटीत दुधाऐवजी पिवळट पाणी पडलं आणि मागोमाग दोन-तीन गुठळ्या. वास थेट डोक्यात गेला. तिने तोंड फिरवलं.

"शी! हे सगळं पलीकडून आलंय."

पलीकडे म्हणजे धाकट्या जावेच्या गोठ्यात. भिंत एकच, पण इकडे फरशी लख्ख आणि तिकडे घोटाभर शेण. जाऊ ज्या पदराने वासराचं नाक पुसायची त्याच पदराने स्वतःचं तोंडही पुसायची. तिला नुसतं बघूनही किळस यायची, आणि ती ते जावेला ऐकवायचीही. तीन आठवड्यांपूर्वी जावेच्या गाईची कास सुजली, एक सड कायमचा बसला, तेव्हा तिला मुळीच नवल वाटलं नाही. आता मात्र पाळी तिच्या पहिलारू गाईवर आली होती. घरात भरून दूध देणारी तेवढी एकच.

जाऊ गाईची दोरी धरून उभी होती. मोडलेल्या मनगटाचं प्लास्टर कालच निघालं होतं. डॉक्टरने कास चाचपली.

"एक सड गेला. दुसरा वाचेल बहुतेक. तुमच्या गोठ्यात आधी कुणाला झालं होतं?"

"हिच्या गाईला. गोठा बघा ना हिचा, पाय ठेववत नाही."

जावेने मान खाली घातली.

"त्याच्याही आधी?"

"आमच्या म्हाताऱ्या गाईला जरा सूज होती. शेकलं, उतरली."

"धार आधी कुणाची काढायचात?"

"तिचीच. दुखत होतं बिचारीला, आधी मोकळं नको करायला?"

"कास कशाने पुसता?"

या प्रश्नाची ती जणू वाटच बघत होती. खुंटीवरचं फडकं तिने पुढे केलं. रोज उकळून काढलेलं, पांढरंशुभ्र.

"सगळ्यांना हेच?"

"हेच. हिचा हात मोडला तेव्हा इथलं आवरून हिच्या गाईलाही हेच. आठ दिवस तिची धार मीच तर..."

तिने हातातल्या फडक्याकडे पाहिलं.

"प्रत्येक गाईला वेगळं फडकं," सुई भरता भरता डॉक्टर म्हणाला. "मध्ये हात धुवायचे. आजारी गाय सगळ्यात शेवटी." मग त्याने जावेकडे पाहिलं. "तुमच्या गाईच्या वेळी तुम्हाला सांगितलं होतं की मी."

डॉक्टर गेला. फडकं अजून तिच्या हातात होतं. तिने ते दोन बोटांच्या चिमटीत धरलं, लांब.

"तुला ठाऊक होतं?"

"हो."

"मग इतके दिवस माझं ऐकून का घेतलंस?"

"आठ दिवस पहाटे उठून येत होतात, ताई. कुठल्या तोंडाने सांगणार?"

जावेने डाव्या हाताने तांब्या उचलला आणि तिच्या हातांवर पाणी धरलं. तिने साबण चोळला, पुन्हा चोळला. तांब्या रिकामा झाला तरी तिचे हात तसेच पुढे होते.

"अजून घाल," ती म्हणाली.